सगळे पॉइंटर ८ बाइटचे, मग इंट आणि डबल हा भेद कशासाठी?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: सी भाषेत कॅर, इंट आणि डबल या तिन्ही प्रकारांचे पॉइंटर (मेमरीतला पत्ता ठेवणारी व्हेरिएबल) जाहीर केले, प्रत्येकावर साइझऑफ (किती बाइट ते सांगणारा ऑपरेटर) लावला आणि तिन्ही वेळा उत्तर ८ आलं. पुस्तकात मात्र 'पॉइंटर २ बाइट जागा घेतो' असं छापलंय. शिवाय सगळ्यांचा आकार सारखाच असेल तर प्रकार लिहायचाच कशाला, सगळे व्हॉइड (प्रकार न सांगितलेले) पॉइंटर का नकोत? आणि जाता जाता चौथी तक्रार: दहा घटकांचा ॲरे फंक्शनला दिला, फंक्शनच्या आत साइझऑफने घटक मोजले, तर २ आले.

या चारही गोष्टी एकाच ठिकाणी अडकल्या आहेत. पॉइंटरचा आकार म्हणजे पत्त्याचा आकार. पॉइंटरचा प्रकार म्हणजे त्या पत्त्यावर पोचल्यावर किती बाइट उचलायचे आणि त्यांचा अर्थ कसा लावायचा, याची सूचना. पत्ता मेमरीत साठवलेला असतो. प्रकार मेमरीत कुठेही साठवलेला नसतो, तो फक्त कंपायलरला ठाऊक असतो. साइझऑफ तुम्हाला पहिल्या गोष्टीचं माप देतो, आणि तुम्ही त्यात दुसरी शोधताय.

हे नुसतं वाचून पटणार नाही, म्हणून मेमरी उघडून बघू. (कोड इथे उच्चाराप्रमाणे देवनागरीत लिहिलाय, टाइप करताना अर्थातच नेहमीचं स्पेलिंग वापरा.)

इंट व = २५८;
इंट *प = &व;
अनसाइन्ड कॅर *क = (अनसाइन्ड कॅर *)&व;

समजा 'व' हे व्हेरिएबल १००० या पत्त्यावर आहे आणि इंट ४ बाइटचा आहे. म्हणजे 'व'ने १००० ते १००३ हे चार बाइट अडवले. २५८ म्हणजे १ गुणिले २५६ अधिक २. इंटेल, एएमडी आणि बहुतेक एआरएम मशिनवर लहान किमतीचा बाइट आधी ठेवतात, म्हणून त्या चार खणांत अनुक्रमे २, १, ०, ० असे आकडे असतील.

आता 'प' हेही एक व्हेरिएबलच आहे, त्यालाही स्वतःची जागा लागते. समजा ती २००० ते २००७. त्या आठ बाइटांत काय आहे? १००० हा आकडा, बस्स. 'क' समजा २००८ ते २०१५ मध्ये आहे. तिथेही १००० हाच आकडा. 'प' आणि 'क' यांचे आठ-आठ बाइट शेजारी ठेवून पाहिलेत तर तसूभरही फरक दिसणार नाही. कोणता इंटचा आणि कोणता कॅरचा, हे त्या बाइटांकडे बघून कुणीच सांगू शकत नाही, प्रोसेसरसुद्धा नाही.

फरक पडतो तो *प आणि *क लिहिल्यावर. *प म्हटलं की कंपायलर '१००० पासून चार बाइट उचला' अशी सूचना तयार करतो. उत्तर २५८. *क म्हटलं की 'एकच बाइट उचला' अशी वेगळी सूचना तयार होते. उत्तर २. *(क + १) मागितलंत तर १ मिळेल. हा प्रयोग करून बघाच. आणि जमलं तर कंपायलरला असेंब्ली, म्हणजे प्रोसेसरसाठीच्या सूचना, छापायला सांगा (जीसीसी या कंपायलरमध्ये कॅपिटल एसचा पर्याय): दोन्ही ओळींसाठी वेगवेगळ्या रुंदीच्या लोड सूचना दिसतील. प्रकाराचा ठसा राहतो तो तिथेच, सूचना निवडण्यात. तयार झालेल्या प्रोग्रॅममध्ये 'हा इंटचा पॉइंटर आहे' अशी नोंद कुठेही नसते. डीबगरला ते कळतं कारण आपण कंपाइल करताना डीबगची वेगळी माहिती सोबत जोडायला सांगितलेली असते. ती काढून टाका, मग डीबगरही चाचपडतो.

पत्त्याची चिठ्ठी आणि घर ही उपमा तुम्ही ऐकली असेल: घर बंगला असो की खोली, चिठ्ठी तेवढीच. उपमा चुकीची नाही, पण तेवढ्यावर थांबलं की नेमका तुमचा प्रश्न उरतो. मेमरीत घरांना भिंती नसतात. १००० वर काय 'आहे' आणि ते कुठे 'संपतं', हे मेमरीला माहीत नसतं. ते तुम्ही पॉइंटरच्या प्रकारातून सांगता.

चुकीचं सांगितलंत तर? त्याच 'व'कडे 'ड' नावाचा डबलचा पॉइंटर रोखून *ड वाचलंत तर कंपायलर १००० ते १००७ असे आठ बाइट उचलेल. त्यातले शेवटचे चार तुमचे नाहीतच. आणि आठही तुमचे असते तरी सी भाषेच्या नियमानुसार एका प्रकारची वस्तू दुसऱ्याच प्रकारच्या पॉइंटरमधून वाचणं म्हणजे अनिश्चित वर्तन, काय होईल याची भाषा हमीच देत नाही. ऑप्टिमायझेशन चालू केलं की कंपायलर असं गृहीत धरतो की इंट पॉइंटर आणि डबल पॉइंटर एकाच जागेकडे बोट दाखवणार नाहीत, आणि त्या भरवशावर ओळी मागेपुढे करतो. या नियमातून कॅर आणि अनसाइन्ड कॅर यांना सूट आहे, म्हणूनच वरचा प्रयोग मी 'क' घेऊन केला. इतर वेळी बाइटांचा अर्थ बदलून वाचायचा असेल तर मेमकॉपीने ते बाइट दुसऱ्या व्हेरिएबलमध्ये घ्या.

प्रकाराचं दुसरं काम बेरजेत आहे, आणि माझ्या मते तेच जास्त महत्त्वाचं. 'प' मध्ये १००० असेल तर प + १ म्हणजे १००१ नाही, १००४. क + १ म्हणजे १००१. डबलचा पॉइंटर असता तर १००८. कंपायलर गुपचूप त्या एकाला प्रकाराच्या आकाराने गुणतो. ॲरेचा सगळा डोलारा यावर उभा आहे, कारण अ[३] हे *(अ + ३) चंच दुसरं रूप आहे. वजाबाकीत उलटं: एकाच ॲरेतल्या दोन इंट पॉइंटरमधला फरक बाइटमध्ये न मिळता घटकांमध्ये मिळतो. १०२० वजा १००० म्हणजे ५.

पॉइंटरच्या पॉइंटरलाही हेच गणित. इंट **पप जाहीर केला तर त्याचा आकार ८, आणि पप + १ केल्यावर तो ८ने पुढे जातो, कारण तो ज्याकडे बोट दाखवतो ती वस्तू स्वतः ८ बाइटचा पॉइंटर आहे. इथे इंटच्या ४चा काही संबंध नाही. तोंडी परीक्षेत हमखास घसरतात ती ही जागा.

मग सगळेच व्हॉइड पॉइंटर केले तर? करून बघा. व्हॉइड पॉइंटरही ८ बाइटचाच, पत्ता त्यातही नीट मावतो. पण * लावून त्यातून काही काढता येत नाही आणि प्रमाणित सीमध्ये त्यात १ मिळवताही येत नाही (जीसीसी १ बाइट धरून मिळवू देतो, ती त्याची स्वतःची सवलत). याचा उत्तम नमुना प्रमाणित लायब्ररीतच आहे: क्यूसॉर्ट. हे फंक्शन कुठल्याही प्रकारचा ॲरे लावून देतं, म्हणून ॲरेचा पत्ता व्हॉइड पॉइंटरने घेतं. पण मग त्याला आणखी तीन गोष्टी द्याव्या लागतात: घटक किती, एक घटक किती बाइटचा आणि दोन घटकांची तुलना कशी करायची ते सांगणारं फंक्शन. यातला घटकाचा आकार आणि तुलनेचं फंक्शन म्हणजे प्रकार पुसला गेल्यामुळे हरवलेली माहितीच. आता ती हाताने पुरवावी लागते. सगळीकडे व्हॉइड पॉइंटर वापरलेत तर प्रत्येक ओळीला हे ओझं वाहावं लागेल.

गंमत म्हणजे सीच्या आधीची भाषा अशीच होती. बी भाषेत प्रकार नव्हतेच. प्रत्येक गोष्ट म्हणजे मशिनचा एक शब्द, आणि पॉइंटर म्हणजे त्या शब्दांमधला क्रमांक. बेल लॅब्समध्ये पीडीपी-११ हे मशिन आलं, त्यात पत्ते बाइटला दिलेले होते. मग बीमधला प्रत्येक पॉइंटर वापरताना शब्दक्रमांकाचं बाइटच्या पत्त्यात रूपांतर करावं लागू लागलं. शिवाय अक्षरासाठी एक बाइट, पूर्णांकासाठी दोन, फ्लोटिंग पॉइंट संख्येसाठी आणखी जास्त, हे सगळं एकाच मापात बसेना. १९७१ ते १९७३ या काळात डेनिस रिची यांनी भाषेत प्रकार आणले त्यामागे हेही एक कारण होतं. म्हणजे 'प्रकार कशाला' याचं उत्तर प्रकार नसलेल्या भाषेने आधीच देऊन ठेवलंय.

आता पुस्तकातल्या २ बाइटकडे. पुस्तक खोटं बोलत नाही, ते जुन्या मशिनबद्दल बोलतंय. अशी पुस्तकं बहुतेक टर्बो सी समोर ठेवून लिहिलेली असतात. बोरलँडचं टर्बो सी १९८७ साली आलं, डॉसवर चालणाऱ्या १६ बिटच्या प्रोग्रॅमसाठी. तिथे इंट २ बाइटचा आणि नेहमीच्या स्मॉल मेमरी मॉडेलमध्ये (प्रोग्रॅमला मेमरी कशी वाटायची त्याची निवड म्हणजे मॉडेल) पॉइंटरही २ बाइटचा. पण त्याच टर्बो सीमध्ये मॉडेल बदलून लार्ज केलंत की पॉइंटर ४ बाइटचा व्हायचा. मीडियम मॉडेलमध्ये तर डेटाचा पॉइंटर २ आणि फंक्शनचा पॉइंटर ४. म्हणजे 'पॉइंटर २ बाइटचा' हे वाक्य त्या काळीही अर्धंच खरं होतं.

तिथे २ आणि ४ असे दोन आकार का, हे समजून घेण्यासारखं आहे. ८०८६ प्रोसेसरमध्ये रजिस्टर १६ बिटचे, पण मेमरीचा पत्ता २० बिटचा, म्हणजे १ एमबी. १६ बिटांत फक्त ६४ केबी मावतात. म्हणून पत्ता दोन तुकड्यांत करायचे: सेगमेंट गुणिले १६ अधिक ऑफसेट. सेगमेंट ठरलेला असेल तर नुसता ऑफसेट पुरतो, तो निअर पॉइंटर, २ बाइट. दोन्ही तुकडे ठेवायचे असतील तर 'फार' (इंग्रजीतला, म्हणजे दूरचा) पॉइंटर, ४ बाइट. यात एक विचित्र गोष्ट व्हायची. सेगमेंट १०० आणि ऑफसेट १६ म्हणजे १६१६. सेगमेंट १०१ आणि ऑफसेट ० म्हणजेही १६१६. जागा एकच, पण पॉइंटरमधले आकडे वेगळे, आणि असे दोन 'फार' पॉइंटर == ने ताडून पाहिले तर 'वेगळे' असं उत्तर. आजच्या सपाट पत्त्यांच्या मशिनवर हे डोकेदुखीचं प्रकरण उरलेलं नाही, आणि ते गेल्याचं दुःख कुणालाही नाही.

आज आकार कशावर ठरतो? 'प्रोसेसर ६४ बिटचा म्हणून ८' हे उत्तर जवळ जातं, पण पूर्ण बरोबर नाही. ठरवतो तो कंपायलर ज्या प्लॅटफॉर्मसाठी प्रोग्रॅम बनवतोय त्याचा ठराव. इंटेलच्या ६४ बिट मशिनवर जीसीसीला एम३२ हा पर्याय देऊन तोच प्रोग्रॅम कंपाइल करा (३२ बिटच्या लायब्ररी बसवलेल्या असाव्या लागतात), उत्तर ४ येईल. प्रोसेसर तोच, तुम्हीही तेच. ३२ बिटांत ४,२९,४९,६७,२९६ पत्ते मावतात, म्हणजे ४ जीबी. एका प्रोग्रॅमला त्याहून जास्त मेमरी हवी झाली आणि ८ बाइटचे पॉइंटर सगळीकडे रूढ झाले.

आठ बाइट म्हणजे ६४ बिट, पण ते सगळे वापरात नसतात. आजच्या एक्स८६-६४ (इंटेल, एएमडीच्या ६४ बिट) मशिनवर साधारणपणे ४८ बिटांचाच पत्ता चालतो, तेवढ्यात २५६ टीबी मावतात. नव्या पाच-पातळी पेजिंगमध्ये (पत्त्यावरून मेमरीतली जागा शोधण्याच्या नव्या पद्धतीत) ५७ बिट. लिनक्सवर प्रिंटएफमध्ये टक्का-पी वापरून लोकल व्हेरिएबलचा पत्ता छापा: सोळा हेक्स अंक यायला हवेत, पण बाराच दिसतात, कारण पुढचे चार शून्य असतात. आणि दर वेळी प्रोग्रॅम चालवल्यावर पत्ता बदललेला दिसला तर घाबरू नका. हल्लेखोरांना पत्ता ओळखता येऊ नये म्हणून ऑपरेटिंग सिस्टिम मुद्दाम जागा हलवते.

साइझऑफचं उत्तर छापताना टक्का-डी नको, टक्का-झेड-यू वापरा. साइझऑफची किंमत साइझ-टी या प्रकारची असते, आणि ६४ बिट मशिनवर ती ८ बाइटची असते. टक्का-डीने बऱ्याचदा बरोबर आकडा दिसतो, म्हणूनच ही सवय सुटत नाही.

सगळ्या पॉइंटरचा आकार एकच असतो हेसुद्धा तुमच्या मशिनपुरतं खरं आहे. सी भाषेचं प्रमाण एवढंच सांगतं की व्हॉइड पॉइंटर आणि कॅर पॉइंटर यांची ठेवण सारखी असली पाहिजे, आणि सगळ्या स्ट्रक्चरच्या पॉइंटरची आपसांत सारखी असली पाहिजे. इंटचा आणि डबलचा पॉइंटर एकाच मापाचा असावा असं बंधन नाही. फंक्शन पॉइंटर व्हॉइड पॉइंटरमध्ये मावेल याचीही सीकडून हमी नाही. ती पॉझिक्स (युनिक्ससारख्या सिस्टिमसाठीचं प्रमाण) देतं, आणि लिनक्सवर आपण त्याचाच फायदा घेतो. ज्यांना हे पुस्तकी वाटतं त्यांनी ८०५१ मायक्रोकंट्रोलरसाठी कायलचा कंपायलर वापरून पाहावा: आतल्या रॅमकडे बोट दाखवणारा पॉइंटर १ बाइट, बाहेरच्या रॅमचा २ बाइट, आणि कुठेही बोट दाखवू शकणारा सर्वसाधारण पॉइंटर ३ बाइट, कारण त्यात 'कुठली मेमरी' हे सांगायला एक जास्तीचा बाइट लागतो. ८ बिटच्या आर्डुइनो उनोवर (आर३पर्यंतच्या) सरसकट २. दुसऱ्या टोकाला केंब्रिजमधल्या चेरी संशोधनातून आलेले पॉइंटर आहेत: ६४ बिटचा पत्ता, पण पॉइंटर १६ बाइटचा. जास्तीच्या जागेत हद्द आणि परवानग्या साठवतात, म्हणजे ज्या 'भिंती' मेमरीत नसतात म्हटलं, त्या पॉइंटरमध्येच बांधून टाकल्या आहेत.

आता तुमच्या ॲरेकडे. मेनमध्ये इंट अ[१०] जाहीर केलात, तिथे साइझऑफ(अ) ४० येतो, त्याला साइझऑफ(अ[०]) म्हणजे ४ने भागलं की १०. बरोबर. फंक्शनच्या कंसात मात्र इंट अ[१०] लिहिलंत तरी कंपायलर ते इंट *अ असंच वाचतो. तो १० निव्वळ शोभेचा. फंक्शनला ॲरे जातच नाही, पहिल्या घटकाचा पत्ता जातो. मग साइझऑफ(अ) ८, भागिले ४, म्हणजे २. हाच प्रोग्रॅम ३२ बिटसाठी कंपाइल केलात तर उत्तर १ येईल, आणि एखाद्या डबल ॲरेवर ६४ बिटमध्येही १च. जीसीसी अशा ओळीवर न विचारताही इशारा देतो. इशारे वाचत नसाल तर ती सवय आधी बदला. उपाय एकच: घटकांची संख्या वेगळा पॅरामीटर म्हणून द्या. साइझऑफ चालताना मेमरी मोजत नाही. (बदलत्या लांबीचा ॲरे सोडला तर) कंपाइल करतानाच समोर दिसणाऱ्या प्रकारावरून आकडा लिहून मोकळा होतो. फंक्शनच्या आत त्याला फक्त पॉइंटर दिसतो.

स्ट्रिंगमध्येही तेच. पाच इंग्रजी अक्षरांचा शब्द कॅर स[] मध्ये ठेवलात तर साइझऑफ ६ (शेवटचा शून्य धरून), आणि कॅर *स मध्ये ठेवलात तर ८, शब्द कितीही लांब असो. लांबी हवी तर स्ट्रलेन.

याहून वाईट प्रकार मॅलॉकमध्ये (प्रोग्रॅम चालताना मेमरी मागून घेणारं फंक्शन) होतो, आणि तो लवकर सापडत नाही म्हणून जरा खोलात सांगतो. समजा विद्यार्थी नावाचं स्ट्रक्चर आहे: नावासाठी २० बाइटचा कॅर ॲरे आणि हजेरी क्रमांकाचा इंट. एकूण २४ बाइट. आणि कुणीतरी लिहिलं:

स्ट्रक्ट विद्यार्थी *व = मॅलॉक(साइझऑफ(व));

'व' हा पॉइंटर, म्हणून मागितले ८ बाइट; हवे होते २४. प्रोग्रॅम कोसळायला हवा ना? ६४ बिट लिनक्सवर जीलिबसी या नेहमीच्या सी लायब्ररीसोबत तो व्यवस्थित चालतो. कारण तिथला मॅलॉक ८ मागितले तरी वापरण्याजोगे कमीत कमी २४ बाइट देतो. बरोब्बर २४! चूक झाकली जाते, सगळ्या चाचण्या पास. पुढे कधीतरी कुणी त्या स्ट्रक्चरमध्ये गुणांसाठी एक फ्लोट वाढवतो, आकार २८ होतो, आणि शेवटचे चार बाइट शेजारच्या तुकड्याच्या आकाराची नोंद खराब करतात. प्रोग्रॅम तेव्हाही तिथे मरत नाही; भलत्याच फाइलमधल्या भलत्याच फ्री किंवा मॅलॉकवर मरतो, आणि सगळे त्या ओळीकडे बघत बसतात. असं काही दिसलं की ॲड्रेस सॅनिटायझर लावून पुन्हा कंपाइल करा, तो मूळ ओळ दाखवतो.

यावर सवय अशी लावा की साइझऑफ(*व) लिहायचं. * बघून बिचकू नका, साइझऑफच्या आत *व खरोखर वाचलं जात नाही, फक्त त्याचा प्रकार पाहिला जातो. त्यामुळे 'व'मध्ये अजून कचरा असला तरी धोका नाही. शिवाय उद्या 'व'चा प्रकार बदलला तर ही ओळ आपोआप बरोबर राहते. मेमरीत एकच किंमत भरणाऱ्या मेमसेटमध्येही हीच चूक होते: साइझऑफ(व) दिलात तर पहिले ८ बाइटच शून्य होतात.

पॉइंटर इंटमध्ये ठेवण्याचा मोह टाळा. ३२ बिटच्या काळात दोन्ही ४ बाइटचे होते, त्यामुळे चालून जायचं. आज वरचे चार बाइट कापले जातात. 'मग लाँगमध्ये ठेवतो' हेही नको: ६४ बिट लिनक्सवर लाँग ८ बाइटचा, पण ६४ बिट विंडोजवर ४च. पत्ता पूर्णांक म्हणून हवाच असेल तर सी९९मध्ये त्यासाठी यूइंटपीटीआर-टी हा प्रकार आलाय. जुन्या कोडमध्ये याच चुकीचं छुपं रूप सापडतं: हेडर न घेता मॅलॉक वापरायचं. जुना कंपायलर 'हे फंक्शन इंट परत देत असेल' असं धरून चालायचा आणि आलेल्या पत्त्याचा अर्धा भाग फेकून द्यायचा. मॅलॉकच्या पुढे कास्ट लिहिलेला असला की इशाराही दबून जायचा. मॅलॉकला कास्ट लावू नका असं जुने लोक सांगतात ते यामुळे. २०२४च्या जीसीसी १४पासून अशा न जाहीर केलेल्या फंक्शनवर थेट एररच येते.

शेवटी खर्चाचं. ८ बाइट फुकट नसतात. लिंक्ड लिस्टचा साधा नोड घ्या: एक इंट आणि पुढच्या नोडचा पॉइंटर. ४ अधिक ८ म्हणजे १२ वाटेल, पण पॉइंटर ८च्या पटीच्या पत्त्यावर बसवायचा म्हणून मध्ये ४ बाइट रिकामे सोडले जातात, साइझऑफ १६. ३२ बिटमध्ये हाच नोड ८ बाइटचा होता. आणि प्रत्येक नोड मॅलॉकने घेतलात तर जीलिबसी त्यासाठी हिशोबासकट ३२ बाइटचा तुकडा मोडतो. १० लाख आकडे ॲरेत ४० लाख बाइट घेतात, लिस्टमध्ये ३ कोटी २० लाख. म्हणूनच आकडे खूप असतील तेव्हा अनुभवी लोक नोड एका ॲरेत ठेवतात आणि पॉइंटरऐवजी ४ बाइटचा इंडेक्स वापरतात. नोड परत ८ बाइटवर येतो आणि मॅलॉकचा वरखर्चही जातो.

परीक्षेत 'पॉइंटरचा आकार किती' असं विचारलं तर 'प्लॅटफॉर्म आणि कंपायलरवर अवलंबून. १६ बिट टर्बो सीच्या स्मॉल मॉडेलमध्ये २, ३२ बिटमध्ये ४, ६४ बिटमध्ये ८' असं लिहा. पर्यायांचा प्रश्न असेल आणि त्यात 'अवलंबून' नसेलच, तर अभ्यासक्रमात कोणता कंपायलर नेमलाय ते पाहून उत्तर निवडा.